सोमवारची चूल

आमच्या संस्थेची पाटी वाचून नवा माणूस हमखास हसतो. पाटीवर मोठ्या अक्षरात लिहिलंय, 'सोमवारची चूल', आणि खाली बारीक अक्षरात सेवाभावी संस्था वगैरे. मागच्याच महिन्यात हिंगोलीहून एक तरुण साहेब आले होते. गाडीतून उतरता उतरताच त्यांनी विचारलं, बाकीच्या वारी काय बंद असतं का इथं? मी म्हटलं, साहेब, हातपाय धुवा, आधी जेवा, मग सांगते. आता गुडघे गेलेत, एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, पण ही गोष्ट सांगायची म्हटली की मला अजून एकोणिसावं लागतं. घरातले लोक पळ काढतात, कारण त्यांनी ती इतक्यांदा ऐकलीय की चुकलं तर मलाच दुरुस्त करतात. तुम्हाला मात्र पळता यायचं नाही.

शिरड शहापूरच्या अलीकडे आमचं गाव. आमचं आणि चुलत्यांचं घर पाठीला पाठ लावून, अंगण मात्र एकच. त्या अंगणावर राज्य होतं द्वारकाकाकूचं. काकू म्हणजे माझ्या चुलत्याची बायको. उंच, हाडाची मोठी, आणि बोलणं असं की गल्लीतलं कुत्रंसुद्धा अंग चोरून जाई. पहाटे तिच्या बांगड्यांचा आवाज, मग बादल्यांचा, मग माझ्या मायचं हळूच खोकणं आणि सगळ्यात शेवटी गिरणीचं पुक-पुक, एवढे आवाज झाले की गावात उजाडलं असं आम्ही समजायचो. फक्त सोमवारी गिरणी गप्प असायची. औंढ्याचा नागनाथ आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे सोमवारचा उपास गावात सांगावा लागत नसे, तो असायचाच. दिवेलागणीपर्यंत चूल पेटायची नाही. दुपारी मोठ्यांना चहा, मूठभर शेंगदाणे, कुठं वाटीभर भगर. आम्हा पोरांना रविवारची शिळी भाकरी दुधात कुस्करून मिळायची आणि मला ती फार आवडायची. गिरणीवालाही उपाशी, मग पट्टा कोण चढवणार? काकूनं तर लग्न होऊन आल्यापासून एक सोमवार मोडला नव्हता. तापानं फणफणलेली असली तरी नाही. हे ती स्वतःच सगळ्यांना सांगायची, दर सोमवारी.

बारावी होऊन मी घरी बसले होते. बसले म्हणजे पोहे घेऊन पाहुण्यांसमोर जात होते, आणि पाहुणे पोहे खाऊन 'कळवतो' म्हणून जात होते. मला त्याचा इतका संताप यायचा की शेवटी आबांनीच, म्हणजे माझ्या वडिलांनी, शाळेतल्या मास्तरांना सांगून मला लहान वर्गांवर बसवलं. मास्तर एकटे आणि वर्ग चार, त्यांना काय, देव पावला. त्याच शाळेत माळापलीकडच्या तांड्यावरची लेकरं यायची, आणि त्यांत होती लाली. चौथीतली, काटकुळी, केस कायम तेलाविना, पण वाचायची काय! साबणाचं वेष्टन, खताची गोणी, एसटीच्या तिकिटामागची जाहिरात, जे दिसेल ते मोठ्यानं वाचत सुटायची. दिवाळी झाली आणि एक दिवस पाटी दप्तरात घालता घालता तिनं सहज सांगितलं, की ताई, ट्रक आला की मी येणार न्हाई. याडी-बापू ऊस तोडायला चालले, ती पण चालली, लहान भावाला कोण बघंल? याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई. ती हे असं सांगत होती, जसं आपण उद्या बाजार आहे म्हणून सांगतो. मी विचारलं, परत कधी? तर म्हणाली, पाडव्याला. म्हणजे परीक्षेच्या तोंडावर. मागच्या वर्षीही तसंच झालं होतं म्हणे, आणि त्याच्या मागच्याही. मला रडू आलं नाही, मला राग आला. घरी येऊन मी भांडी अशी आपटली की मायनं विचारलं, काय, पुन्हा कोणी 'कळवतो' म्हणलं काय?

रात्री जेवताना आबांनी ऐकून घेतलं आणि सहज आपल्या मामाची आठवण काढली. तो परभणीला वार लावून शिकला होता. सोमवारी या घरी, मंगळवारी त्या घरी, अशी सात घरं बांधून घ्यायची, म्हणजे कुणालाच ओझं नाही आणि पोरगं उपाशी नाही. मी हातातली भाकरी तशीच ठेवून उठले. आपल्या गावात सात घरं नाहीत का? आई-बाप गेले तर जाऊ द्या, लेकरं इथं राहतील, वार लावून जेवतील, शाळा शिकतील! चुलतभाऊ दिनकर, काकूचा एकुलता एक, माझ्याच वयाचा, पलीकडून ओरडला की मग हे असं तोंडी नको, संस्था काढू. संस्था! त्या शब्दानंच आम्ही दोघं पेटलो. दुसऱ्याच दिवशी हा पठ्ठ्या हिंगोलीला जाऊन शिक्का बनवून घेऊन आला. नोंदणीचा पत्ता नाही, सभासद आम्ही दोघं, पण शिक्का तयार. त्यावर इतकं लांबलचक नाव की 'सर्वांगीण' हा शब्द दोनदा आला होता. चार दिवस आम्ही घरात मिळेल त्यावर तो मारत सुटलो. आबांच्या पंचांगावर मारला, मायच्या पापडांच्या डब्यावर मारला. मारुतीच्या पारावर सभा बोलावली तर अध्यक्ष व्हायला नऊ जण तयार आणि खोली झाडायला एकही नाही. शेवटी काकूची कापूस साठवायची खोली दिनकरनं आणि मीच झाडली. नाकातोंडात कापूस, डोळे लाल, आणि दोघंही हसतोय. आयुष्यात पुढं मला पुरस्कार मिळाले, हारतुरे झाले, पण त्या खोलीत झाडू धरून जेवढा आनंद झाला तेवढा पुन्हा झाला नाही, हे खरं सांगते.

मग मी घरोघर वार मागत हिंडले. मला वाटलं होतं लोक दारं लावतील. काही बायकांनी नाकं मुरडली, तांड्यावरची लेकरं म्हटल्यावर पदर सावरला, पण लेकराला घास घालायला सहसा कोणी नाही म्हणत नाही. गंमत अशी झाली की जिला विचारावं ती म्हणे, मला सोमवार द्या. नागनाथाचा वार, त्या दिवशी दारात आलेल्या लेकराला जेवू घातलं तर पुण्य दुप्पट! सोमवारवरून दोन जावांची तर जुंपलीच. शेवटी आम्ही न्याय केला, म्हणजे आम्हाला तो न्याय वाटला. ज्या घरांची भक्ती मोठी, ज्यांचा उपास सगळ्यात कडक, सोमवार त्यांना. काकूनंही ऐटीत सोमवारच घेतला आणि तिच्या वाट्याला लाली आली. पण तिनं आधीच बजावून ठेवलं, की ओट्यावर बसवीन, पत्रावळीवर वाढीन, चौकटीच्या आत न्हाई. मी तोंड उघडणार होते, दिनकरनं पाय दाबला. डझनभर लेकरं, आठवडाभराचे वार, सगळं जमलं, आणि इतक्या शहाण्या माणसांच्या गावात त्यात काय चुकलंय ते एकालाही दिसलं नाही.

खरी परीक्षा होती थावरू नाईकाची. नाईक म्हणजे तांड्याचा प्रमुख. त्याच्या शब्दाबाहेर तांडा जात नसे. पांढऱ्या मिशा, कानात बाळी, आणि ऐकताना डोळे मिटून घ्यायची सवय, त्यामुळं आपलं बोलणं पोचतंय की नाही कळायचं नाही. मी तासभर बोलले. शाळा, परीक्षा, लालीचं वाचन, सगळं. लालीची याडी दाराशी बसून लहानग्याला पाजत होती, ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. शेवटी नाईकानं डोळे उघडले आणि सांगितलं, की ट्रक यायला आठवडा आहे. रविवारपासून लेकरं गावात ठेवा. आम्ही इथंच आहोत, बघू. नीट राहिली तर राहतील, नाहीतर ट्रकमध्ये बसतील, आणि मग पुढच्या साली विचारायला यायचं न्हाई. मी उड्या मारतच माळ उतरले. दिनकर मागून म्हणत होता, हळू, संस्थेची सचिव आहेस तू.

रविवार काय सांगू! लेकरं अंघोळी करून, केसांना तेल चोपडून, ओळीनं गावात आली. रविवारची घरं नुसती चढाओढीला लागली होती. एकीनं पुरणपोळी केली, दुसरीला कळलं तशी तिनं गुळाचा शिरा टाकला. एका पोराला तर त्याच्या घरी जेवण झाल्यावर शेजारणीनं ओढून नेऊन पुन्हा जेवू घातलं. संध्याकाळी कापसाच्या खोलीत सतरंजीवर पडून सगळी पोटावर हात फिरवत होती, आणि लाली भिंतीला लावलेला जुना पेपर वाचून दाखवत होती. जमलं, जमलं, एवढंच माझ्या मनात चाललं होतं. मी पण त्यांच्यात झोपले.

सोमवारी दुपारच्या सुट्टीत लेकरं आपापल्या वाराच्या घरी गेली आणि मी मास्तरांबरोबर चहा प्यायले, कारण माझाही उपास. थोड्याच वेळात बघते तर लेकरं परत आलेली, हापशावर गोळा होऊन पाणी पिताहेत. पाणीच पिताहेत. मला वाटलं, काय तिखट खाल्लं की काय. नेमका त्याच वेळी थावरू नाईक खांद्यावर ज्वारीचं पोतं घेऊन शाळेच्या फाटकाशी आला. प्रवासाला पीठ हवं होतं. सोमवारी गिरणी बंद असते हे त्याला ठाऊक, पण गयावया करून चालू करून घेऊ म्हणून आला होता. गिरणीवाल्यानं हात जोडले तसा परत निघाला होता. त्यानं सहज एका बारक्याला विचारलं, काय जेवलास रं? बारक्या म्हणाला, केळ. दुसरा म्हणाला, शेंगदाणे. तिसऱ्याला तर तेही नव्हतं.

मला आधी काही कळेचना. मग एकदम डोक्यात उजेड पडला. गावातली एकूण एक मानाची घरं, एकूण एक कडक उपासाची घरं, आणि आम्ही त्यांनाच सोमवार वाटला होता! चूल पेटायची दिवेलागणीला. प्रत्येकीनं रात्रीसाठी मोठा बेत केला होता. कुठं वडे, कुठं खीर. घरच्या पोरांना दुपारी शिळी भाकरी दिली होती, पण पाहुण्या लेकराला शिळं कसं द्यायचं, लोक काय म्हणतील? म्हणून प्रत्येकीनं मायेनं सांगितलं होतं, बाळा, दिवे लागले की ये, गरम गरम वाढते. आणि लेकरं 'बरं' म्हणून, मान खाली घालून परत आली होती. हे सगळं मी नाईकाला घाईघाईनं सांगितलं. त्यानं या वेळी डोळे मिटले नाहीत. ओरडलाही नाही.

"पोरी, तुमचा उपास देवासाठी हाय, ते बराबर," तो म्हणाला. "आमच्या लेकरांचा कोणासाठी?"

त्यानं लेकरांना गोरमाटीत, त्यांच्या बोलीत, काहीतरी सांगितलं आणि लेकरं दप्तरं घेऊन त्याच्या मागं चालायला लागली. लालीनं एकदा वळून माझ्याकडं बघितलं. तिच्या हातात चौथीचं पुस्तक होतं, ते तिनं फाटकाच्या खांबावर नीट ठेवलं, कारण ते शाळेचं होतं. मी धावत पुढं झाले, नाईकाच्या आडवी गेले, विनवण्या केल्या, पुढं कधीच असं होणार नाही म्हटलं. तो चालतच होता. माळाकडं जायची वाट आमच्या अंगणावरून जाते आणि ओट्यावर काकू बसली होती, जपमाळ घेऊन.

काकूनं ती रांग बघितली. रडवेली मी, मागून धापा टाकत दिनकर. तिनं विचारलं, ही वरात कुठं? मी सगळं सांगितलं. काकूनं लालीला जवळ बोलावलं. तासाभरापूर्वी हीच पोरगी तिच्या ओट्यावर येऊन गेली होती आणि काकूनं तिला दिवे लागल्यावर ये म्हटलं होतं. आता काकूनं विचारलं, सकाळपासून काय खाल्लंस? लाली म्हणाली, पोट भरलंय, काकू. तेवढ्यात त्या भरलेल्या पोटातून असा आवाज निघाला की दिनकरलाही ऐकू गेला. कोणी हसलं नाही. काकूचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. ती उठली आणि जपमाळ खुंटीला लावली.

नाईकाच्या खांद्यावरचं पोतं तिनं उतरवायला लावलं, दिनकरच्या डोक्यावर ठेवलं आणि सांगितलं, गिरणीवाल्याला म्हणावं पट्टा चढव, मी सांगितलंय. मग ती आत गेली आणि भर दुपारी, सोमवारी, तिच्या धुराड्यातून धूर निघाला. आणि थोड्या वेळानं गिरणी सुरू झाली. पुक-पुक-पुक! तुम्हाला नाही कळायचं ते. आमच्या गावानं सोमवारचा तो आवाज कधी ऐकलाच नव्हता. बायका दारात आल्या, म्हातारे काठ्या टेकत पारावरून उठले, कुणाला वाटलं कोणी गेलं की काय. कारण कळलं तशा सगळ्या आत वळल्या. मग समोरच्या घरातून धूर निघाला. मग त्याच्या शेजारच्या. त्या जावा-जावांच्या घरातून तर एकदमच. मी अंगणाच्या मधोमध उभी राहून गरागरा फिरून धूर बघत होते. हसत होते की रडत होते, आठवत नाही.

नाईक मात्र अंगणातच उभा. काकूनं पहिली भाकरी तव्यावरून काढली, पिठलं केलं, लसणाचा ठेचा वाटला, आणि लालीला हाक मारली. ओट्यावर नाही, आत, चुलीपुढं. लाली चौकटीशी थबकली. तेव्हा नाईक हळूच बोलला, की बाई, तुमी वाढाल, खरं हाय. पण तुमी उपाशी बसून वाढाल, तर लेकरू तुमच्या तोंडाकडं बघत खाईल. रोज असा उपकाराचा घास त्याच्या गळ्याखाली उतरंल का? आमच्यात एका ताटात बसून जेवतात.

माय माझ्या शेजारी येऊन उभी होती, तिनं माझा हात घट्ट धरला. काकूनं फळीवरची मोठी पितळी परात काढली, तिच्यात भाकरी कुस्करली, वर पिठलं ओतलं, आणि मांडी घालून लालीसमोर बसली. पहिला घास लालीच्या तोंडात दिला. दुसरा स्वतःच्या.

मायच्या तोंडून नुसतं "अगं बाई" निघालं. काकूनं घास गिळला आणि आमच्याकडं न बघताच म्हणाली, "नागनाथ माझ्या ओळखीचा हाय. त्याचं मी बघून घेते. तुमी काहून उभ्या? त्या बाकीच्या लेकरांना आत घ्या."

दिनकर पीठ घेऊन आला, ते नाईकानं खांद्यावर टाकलं आणि एकटाच माळाकडं निघाला. लेकरांना हाक मारली नाही. मी ओरडून विचारणार होते, म्हणजे ठरलं का? मायनं तोंडावर हात ठेवला.

त्या आठवड्यात काय झालं, कोण कुणावर रुसलं, मंगळवारवाल्यांनी सोमवारवाल्यांना किती चिडवलं, ते सगळं सांगत बसले तर आणखी एक पुस्तक होईल. पुढं रीतसर नोंदणी करायला गेलो तेव्हा नाव काय, असं विचारल्यावर दिनकरनं खिशातून तो शिक्का काढला आणि मी त्याच्या हातावर चापट मारली. नाव मी सांगितलं. काकू त्यानंतर जगली तोवर सोमवार धरायची, पण दुपारी लेकरांबरोबर त्या परातीत सोडायची, आणि तेही स्वतःच सगळ्यांना सांगायची. ती परात आजही आमच्या स्वयंपाकघरात आहे. तिच्यात आता कणीक मळतात.

ट्रक पुढच्याच सोमवारी सकाळी आला. तांडा सगळा त्यात चढला. गोधड्या, हंडे, शेळ्या, कोंबड्यांची खुराडी. आमची डझनभर लेकरं रस्त्याच्या या बाजूला उभी होती, मी त्यांच्या मागं, काकू माझ्या मागं. लालीच्या याडीनं लहानग्याला झोळीत बांधलं होतं. ती वर चढली, पुन्हा उतरली, लालीच्या डोक्यावरून हात फिरवला, पुन्हा चढली. ट्रक हलला तेव्हा इतर लेकरं रडायला लागली, मीही लागले. लाली रडली नाही. धूळ बसेपर्यंत ती रस्त्याकडं बघत राहिली. मग माझा पदर ओढून विचारलं, "ताई, आज वार कोणता?"

मी डोळे पुसत म्हटलं, सोमवार.

"मंग काकूकडं जेवायचंय," ती म्हणाली, आणि दप्तर सावरून शाळेच्या दिशेनं पळत सुटली.